तांबडा-पांढरा घरी: एका अळणीतून पाच जणांचं रात्रीचं जेवण

कोल्हापुरातल्या घरात मटणाचा बेत म्हणजे सुकं, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि भाकरी, हे सगळं एका ताटात आणि एकाच वेळी गरम. पहिल्यांदा करणारा माणूस हे चार स्वतंत्र पदार्थ समजतो आणि तिथेच दमतो. खरं तर यातले तीन एकाच पातेल्यातून निघतात. त्या पातेल्यात अळणी असते, म्हणजे मटण शिजवून निघालेलं, तिखट न घातलेलं पाणी. बेत बिघडला की लोक चटणीला नावं ठेवतात; बहुतेक वेळा घोळ अळणीत किंवा कामाच्या क्रमात झालेला असतो.

बुधवार आणि रविवार हे या जेवणाचे ठरलेले दिवस. रविवार जोतिबाचा म्हणून पाळणाऱ्या घरात अर्थातच बुधवारच. खालचं प्रमाण पाच मोठ्या माणसांचं आहे आणि रस्सा दोनदा-तीनदा वाढून घेतला जाणार हे त्यात धरलेलं आहे. रात्री नऊला पानं मांडायची असतील तर साडेसहाला मटण चुलीवर चढलं पाहिजे.

मटण कुठलं घ्यायचं

एक किलो, हाडासकट. त्यात निम्मे तुकडे मांडी-खांद्याचे आणि निम्मे चाप (बरगडी), सीना (छाती), नळी (मज्जेचं हाड) नि मानेचे मागून घ्या. सुक्याला मांडी लागते, पण अळणीला अंग येतं ते हाडांच्या सांध्यांमुळे आणि कुर्चांमुळे. त्यातलं चिकट द्रव्य हळूहळू पाण्यात उतरतं आणि रस्सा ओठाला किंचित चिकटतो. नुसतं मऊ मटण घेतलं तर रस्सा कितीही मसाला घाला, पाणचटच लागतो. तुकडे दीड-दोन इंचाचे असावेत. फार बारीक केले तर सुक्यात परतताना त्यांचा भुगा होतो. कोवळं मटण फिकट गुलाबी असतं आणि त्याची चरबी पांढरी असते. गडद लाल मांस आणि पिवळसर चरबी दिसली तर शिजायला दीडपट वेळ धरा.

मटणाच्या दरावरून २०१९ च्या अखेरीस या शहरात आंदोलन झालं होतं. त्यामुळे दुकानात उभं राहून कुठला तुकडा तराजूत पडतोय हे बघायला इथे कुणी संकोचत नाही. तुम्हीही संकोचू नका.

घरी आणल्यावर मटण दोन पाण्यांनी धुवायचं आणि चाळणीत दहा मिनिटं निथळू द्यायचं. पाण्यात भिजत ठेवायचं नाही.

चटणी आधी चाखून घ्या

कोल्हापुरात चटणी म्हटलं की ती कांदा-लसणाची, उन्हाळ्यात वर्षभरासाठी डंकावर कांडून आणलेली. प्रत्येक घरच्या चटणीत मिरचीचं प्रमाण निराळं. संकेश्वरी जास्त असेल तर तिखटपणा चढतो, ब्याडगी जास्त असेल तर रंग येतो पण तिखटपणा बेताचा राहतो. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: या चटणीत मीठ असतं. त्यामुळे दुसऱ्याच्या घरची किंवा विकतची चटणी पहिल्यांदा वापरताना अर्धा चमचा गरम तेलात कालवून भाकरीच्या तुकड्याला लावून चाखा. तिखट आणि खारट किती आहे ते तिथेच कळेल आणि खालच्या प्रमाणात पाव-अर्धा चमचा इकडेतिकडे करता येईल.

अळणी

साहित्य थोडकं आहे: एक कांदा अगदी बारीक चिरून, दोन मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, दोन छोटे चमचे मीठ आणि हळद फक्त चिमूटभर. हळदीचा हात इथे आखडताच ठेवायचा. नेहमीसारखा अर्धा चमचा घातला तर पुढे पांढरा रस्सा पिवळा होतो आणि मग त्यावर काहीही इलाज नाही. सुक्याला हळद हवी असेल तर ती नंतर सुक्यातच घाला. कोथिंबिरीचंही तसंच. वाटणात काड्या घ्या, पानं घेतलीत तर अळणीला हिरवट झाक येते.

मीठही मुद्दाम कमी ठेवलंय. हेच पाणी पुढे तीन ठिकाणी जाणार, दोन ठिकाणी आटणार आणि दोन ठिकाणी चटणीचं मीठ त्यात पडणार. अळणी चाखताना थोडं कमी वाटलं तर बरोबर आहे असं समजा.

कुकरमध्ये तेलावर कांदा मऊ होईपर्यंत परता. लाल करायचा नाही. त्यात वाटण, हळद, मटण आणि मीठ घालून मोठ्या आचेवर दहा-बारा मिनिटं हलवत राहा. आधी मटणाला पाणी सुटेल, मग ते आटत येईल आणि कच्चा वास जाईल. हा टप्पा उरकून टाकला की रस्स्याला शेवटपर्यंत उग्र वास राहतो. नंतर वेलदोडा घालून तो झाकत नाही.

आता शेजारी उकळत ठेवलेलं एक लिटर पाणी ओता. गार पाणी नको, उकळी मोडते आणि परत यायला दहा मिनिटं जातात. वर आलेला फेस पळीने काढून टाका. पांढऱ्या रस्स्याचा स्वच्छ रंग या दोन मिनिटांच्या कामावर आहे. झाकण लावून मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग आच बारीक करून कोवळ्या मटणाला पंधरा ते वीस मिनिटं आणि जून मटणाला पंचवीस ते तीस. कुकर आपोआप थंड होऊ द्या.

पाच लिटरच्या कुकरमध्ये सगळं पाणी एकदम घालता येत नाही, कारण दोनतृतीयांशच्या वर भरला की शिट्टीतून अळणी बाहेर येते. म्हणून झाकण उघडल्यावर आणखी दीड लिटर उकळतं पाणी घालून, झाकण न लावता मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. पातेल्यात शिजवायचं असेल तर वर पाण्याची ताटली ठेवून सव्वा ते दीड तास लागतो आणि चव कुकरपेक्षा सरस येते, यात वाद नाही. ताटलीतलं पाणी तापलं की तेच आत ओतायचं आणि ताटली पुन्हा भरायची.

तुकडा दोन बोटांत दाबला तर मांस हाडापासून सुटू लागावं, पण गळून पडू नये. सुक्यात त्याला अजून पंधरा मिनिटं शिजायचंय.

अळणी गाळून घ्या. सव्वादोन लिटरच्या आसपास निघेल. ८०० मिली पांढऱ्याला, १,१०० मिली तांबड्याला, २५० मिली सुक्याला असे तीन भाग करून ठेवा. उरेल ती वाटीभर घरातल्या लहान मुलांना तूप-भातावर द्या. हे माप आधीच काढून ठेवलं नाही, तर हमखास तांबड्यात जास्त ओतली जाते आणि पांढरा करताना भांडं रिकामं दिसतं.

कुकर चालू असताना

दोन मोठे चमचे खसखस, एक मोठा चमचा मगज बी (सोललेल्या कलिंगड-खरबुजाच्या बिया), दहा-बारा काजू आणि एक छोटा चमचा पांढरे तीळ गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. तीळ वाढवायचे नाहीत, रस्सा करडा आणि कडवट होतो. वाटताना आधी पाणी जवळजवळ न घालता फिरवा आणि मग चमचा-चमचा पाणी घाला. सुरुवातीलाच पाणी जास्त झालं तर खसखस पात्याखालून निसटते आणि रस्स्यात वाळूसारखी कचकच लागते.

एका नारळाचं खोबरं खवून (काळी साल येऊ देऊ नका) एक कप कोमट पाण्यात फिरवा आणि फडक्यातून घट्ट पिळा. साधारण २५० मिली जाड दूध निघेल. चोथ्यात पाऊण कप पाणी घालून दुसरं, पातळ दूध वेगळं काढा. दोन्ही एकत्र करू नका. एक उकळायचंय आणि एक उकळायचं नाहीये.

तांबड्या आणि सुक्याच्या वाटणासाठी: दोन मोठे कांदे, ५० ग्रॅम सुकं खोबरं, एक मोठा चमचा तीळ, एक छोटा चमचा खसखस, एक मोठा चमचा धणे, अर्धा चमचा जिरं, पंधरा लसूण पाकळ्या, दीड इंच आलं आणि कोथिंबिरीची मूठ. कांदे सालासकट गॅसवर काळे होईपर्यंत भाजून वरची साल काढा, किंवा उभे चिरून तेलावर तांबूस करा. खोबरं मात्र बदामी रंगावर थांबवायचं. आच बंद केल्यावरही ते तव्याच्या उष्णतेने पुढे भाजत राहतं, म्हणून लगेच ताटात काढा. काळं पडलेलं खोबरं वाटणात गेलं तर सगळ्याला कडवट चव लागते. वाटण गंधासारखं बारीक हवं. त्याचे तीन भाग करा: दोन सुक्याला, एक तांबड्याला.

घरात कुणी शाकाहारी असेल तर अळणीला हात लावण्याआधीच या वाटणातले दोन चमचे बाजूला काढा. वाटीभर भिजवलेला अख्खा मसूर आणि चमचाभर चटणी, एवढ्यात त्यांचा रस्सा होतो.

तांबडा

तांबडा रस्सा पातळ असतो. पुण्या-मुंबईकडे या नावाखाली बरेचदा दाट ग्रेव्ही वाढतात. घरी ती चूक करायचं कारण नाही. वाटण कमी आणि कट (वर तरंगणारं लाल तेल) भरपूर, हे त्याचं गणित.

जाड बुडाच्या पातेल्यात पाच मोठे चमचे तेल तापवा. तेल कमी करून कट येत नाही, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं असेल तर रस्सा कमी खा पण तेल इथे कापू नका. तेल तापलं की पातेलं आचेवरून खाली उतरवा, पंधरा-वीस सेकंद थांबा आणि अडीच मोठे चमचे चटणी आणि रंगासाठी एक छोटा चमचा ब्याडगीची पूड घाला. पळीने ढवळत मनात दहा मोजा. तेल लालभडक होईल आणि नाकात झणका जाईल. त्या क्षणी पळीभर गरम अळणी ओता. या दहा सेकंदांवर रस्स्याचा रंग ठरतो. चटणी धुरावलेल्या तेलात पडली तर ती जळून तपकिरी होते. गार तेलात पडली तर रंग सुटतच नाही.

पातेलं पुन्हा आचेवर ठेवा, वाटणाचा एक भाग घाला आणि कडेने तेल दिसेपर्यंत सहा-सात मिनिटं परता. मग १,१०० मिली अळणी उकळती ओता. एक दणदणीत उकळी, पाच मिनिटं. त्यानंतर अगदी बारीक आच, पंधरा मिनिटं. नळी आणि चरबीचे चार-पाच तुकडे यातच सोडा. मीठ आता चाखून घाला.

कट आला नाही अशी तक्रार असते, तेव्हा कारण या तिघांतलं एक असतं. वाटण जास्त झालं आणि त्यानेच तेल पिऊन टाकलं. अळणी गार होती. किंवा रस्सा शेवटपर्यंत खळाखळा उकळत ठेवला, त्यामुळे तेल घुसळून रस्स्यातच मिसळलं. तिसऱ्यावर उपाय सोपा आहे: आच बंद करून दहा मिनिटं हलवू नका, कट वर येतो. पहिल्यावर उपाय म्हणून दोन चमचे तेलात अर्धा चमचा चटणी वेगळी करून वरून घालता येते, फक्त त्याने तिखट वाढतं हे लक्षात ठेवा.

सुकं

यात फार काही अवघड नाही. तीन चमचे तेलावर एक बारीक चिरलेला कांदा तांबूस करा, वाटणाचे दोन भाग घालून तेल सुटेपर्यंत परता, मग दीड मोठा चमचा चटणी, पाव चमचा हळद आणि शिजलेले तुकडे. अळणी थोडी थोडी घालत बारा-पंधरा मिनिटं परता, मसाला तुकड्याला धरून राहिला की झालं. अळणी एकदम ओतली तर मसाला सुटून खाली बसतो आणि तुकडा फिका लागतो. मीठ सगळ्यात शेवटी, कारण अळणी इथे पूर्ण आटते.

पांढरा, आणि तो सगळ्यात शेवटी का

तांबडा तासभर थांबला तर सुधारतो, सुकंही थांबतं. पांढरा थांबत नाही. म्हणून पानं घ्यायच्या वीस मिनिटं आधी तो करायला घ्यायचा.

एक चमचा तेल आणि एक चमचा तूप तापवून चार लवंगा, चार हिरवे वेलदोडे, इंचभर दालचिनी, एक तमालपत्र आणि आठ मिरे टाका. वेलदोडा फुगला की उभ्या चिरलेल्या दोन हिरव्या मिरच्या आणि एक छोटा चमचा आलं-लसूण. रंग बदलायच्या आत खसखस-काजूचं वाटण घाला आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं सतत हलवा. ते तळाला फार पटकन लागतं आणि एकदा तांबूस झालं की रस्सा पांढरा राहिला नाही. त्यात ८०० मिली गरम अळणी आणि पातळ नारळाचं दूध घालून आठ-दहा मिनिटं उकळा.

आता आच अगदी बारीक. जाड दुधात आधी एक पळी गरम रस्सा मिसळा, आणखी एक पळी मिसळा, मग ते दूध बारीक धारेने पातेल्यात सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत. कडेला पहिले बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. जाड दूध खळखळून उकळलं तर त्यातली प्रथिनं आणि तेल वेगळं होतं आणि रस्सा फुटतो: वर तेलकट थर, खाली दाणेदार पाणी. झाकणही ठेवू नका, आतली वाफ कोंडून आच बंद असतानाही उष्णता टिकून राहते. लिंबू पातेल्यात कधीच नाही, ज्याला हवं त्याने वाटीत पिळावं.

फुटलाच तर थोडा कोमट होऊ द्या आणि दोन चमचे भिजवलेल्या काजूंची पेस्ट घालून मिक्सरमधून एकदा फिरवा. दिसायला सुधारतो, तोंडाला मूळचा मऊपणा मात्र येत नाही. पुन्हा गरम करायची वेळ आली तर थेट आचेवर नको, गरम पाण्याच्या परातीत पातेलं ठेवून.

भाकरी आणि भात

पांढरा चालू असताना दुसऱ्या शेगडीवर भाकरी हव्यात, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतलेलं बरं. दहा भाकरींना साधारण एक किलो शाळूचं, म्हणजे रब्बीच्या ज्वारीचं, पीठ. पीठ आठवड्याच्या आतलं असावं. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) गेलेली असते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. पिठाची शंका असेल तर कोमट पाण्याऐवजी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाका आणि मग तळव्याने रगडून मळा. शाळूत गव्हासारखा चिवटपणा नाही, गरम पाण्यानेच पीठ एकजीव होतं. एका वेळी एका-दोन भाकरींपुरतंच मळायचं.

तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला लगेच पाण्याचा हात फिरवा, ते पाणी सुकत आलं की उलटा. पूर्ण सुकून पांढरे भेगाळे पडले म्हणजे उशीर झाला, ती भाकरी फुगणार नाही. दुसरी बाजू तव्यावर नीट भाजून मग पहिली बाजू थेट जाळावर.

भाताला आजऱ्याचा घनसाळ मिळाला तर उत्तमच, पण त्याचा वास तांबड्यापुढे टिकत नाही. त्यावर पांढरा घ्या. सोबत कांदा, लिंबू आणि दही-कांदा. मीठ कमी-जास्त झालंच असेल तर पाचही जणांना वाढण्याआधी दोन्ही रस्से शेजारी ठेवून चाखा: पांढऱ्याचं मीठ तांबड्यापेक्षा किंचित कमी असावं, नाहीतर वाटीने पिता येत नाही.

उरलेला तांबडा आणि सुकं फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी खुशाल खा, तांबड्यात उकडलेली अंडी सोडली की रात्रीच्या जेवणालाही पुरतो. पांढरा मात्र त्याच रात्री संपवा. नारळाचं दूध बाहेर राहिलं तर, विशेषतः उन्हाळ्यात, सकाळपर्यंत आंबतं.